बिल्लोची दोरी

मले कोणी विचारलं का, "बेबीताई, खरं कोणाचं होतं?", तं मी गिरणी चालू करून देते. त्या आवाजात सवाल ऐकूच येत नाई. दुसरं करू तरी काय? माह्यं डोकं तसं हलकं नाई, रिसोडात पिठाची गिरणी एकटी चालवते मी. पण तहसीनच्या बाळंतपणात अन् तिच्या घोडीच्या मामल्यात कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता.

माह्या गिरणीच्या भिंतीले लागून ताजबीभाभीचं घर हाये. तहसीन तिची सून, इथल्या जवळच्याच मालेगावच्या फय्याजभाईची पोट्टी. फय्याजभाई लग्नाच्या वरातीले घोड्या देतात, तं ही पोट्टी चालाच्या आंधी घोडीवर बसली असंल. लग्नात बापानं तिले ना कपाट देलं, ना फ्रिज. पांढरी घोडी देली, बिल्लो. अन् चारचौघात सांगतलं, "ही तहसीनची हाये. सासरची नाई, जवायाची नाई." त्याच बिल्लोवर बसून मोईन नवरदेव होऊन आल्ता. बिचारा मोटारसायकलीचा मिस्तरी, घोडीवर पोतं ठेवल्यासारखा बसला होता. लोक नवरीले सोडून त्यालेच पाहून हासून राह्यले होते.

तवापासून रोज सकाळी तहसीन ओढणी कमरेले खोसून बिल्लोले रिठदच्या रस्त्यानं दौडवे. गल्लीतल्या म्हाताऱ्या तोंडाले पदर लावत. मी नाई लावला. मले तं तिले पाहून बरं वाटे, खोटं कायले बोलू? परत आली का आंगणात टिनाचा डबा वाजवे, मोबाईलवर डीजे लावे, म्हणजे वरातीत घोडी बुजाले नको. लग्नसराईत मोईन बिल्लोले वरातीत धरून चाले. असं सारं बरं चाललं होतं.

मंग तहसीनले दिवस गेले, अन् जो तो वैद्य झाला.

दवाखान्यातली मॅडम म्हणे, घोड्यावर बसायचं नाही, पण रोज चालायचं. ताजबी म्हणे, खाटेवरून उठू नको. फय्याजभाईचा फोन आला, "बसू नको बेटा, पण रोज तिच्याजवळ जात जा, घोडी मनाले लावून घेते." मोईननं मोबाईलवर कुठल्यातरी विलायती बाईचा व्हिडिओ दाखवला. पोट हे एवढं, अन् बाई घोडा उडवून राह्यली! ताजबीनं त्याच्या हातातून मोबाईलच हिसकावला. तहसीन गिरणीत येऊन गव्हाच्या पोत्यावर बसली. म्हणे, "बेबीताई, तुमीच सांगा, मी कोणाचं ऐकू?"

मी म्हटलं, "मॅडमचं ऐक." मंग म्हटलं, "पण सासूचंही ऐक." मंग माह्यी मलेच लाज वाटली अन् मी चाळणी झाडत बसली.

तिनं घोडीवर बसणं सोडलं. दोन दिवस रडली, पण सोडलं. सकाळी दोरी धरून बिल्लोसंगं पायीच चाले. अन् या दोरीपाशीच घोडं पेंड खाऊन राह्यलं होतं. आमच्याकडे जुन्या बायका सांगतात, पोटुशी बाईनं घोडीची दोरी ओलांडू नाई. ओलांडली तं बाईचेही दिवस घोडीसारखे लांबतात. घोडी वर्षभर पोट वागवते ना, म्हून. ताजबीनं पहिल्याच महिन्यात बजावून ठेवलं होतं. पण आंगण केवढंसं! बिल्लो खुंट्याले बांधली का मोरीवर जायाले दोरी आडवीच.

त्यात रिठदच्या एका वरातीत बिल्लोनं घोळ केला. कितीतरी दिवस तिले कोणी दौडवलं नव्हतं, अंगात सारी मस्ती साचलेली. फटाक्याची लड फुटली अन् घोडी झाली उभी. नवरदेव सरळ ताशेवाल्याच्या अंगावर! कोणाले लागलं नाई, पण फेट्याचा चेंदा झाला, अन् नवरदेवाच्या मामानं मोईनचं सारं खानदान उद्धारलं. घरी येऊन मोईन म्हणे, "हे जनावर मले झेपत नाई." ताजबी म्हणे, "विकून टाक. घरात लेकरू येऊन राह्यलं, अन् दारात ही बला." मालेगावकडचा दौलतराव म्हणून एक घोडेवाला पांढऱ्या घोडीच्या शोधात होताच. मोईननं त्याले शब्द देऊन टाकला.

तहसीनले समजलं तसं तिनं ताट सरकवलं. "माह्या बापानं मले देली. तुमी कोण विकणारे?" बरोबर होतं तिचं. अन् मोईनचंही काय चुकलं होतं? मले दोघाचंही पटे, अन् माह्या डोक्याचा भुगा होये. शेवटी ठरलं, बाळंतपण होऊ द्या, मंग घोडी न्यायाची.

नऊ महिने भरले. पाळणा धुवून वाळवून झाला, अन् कळा काही येईनात. मॅडम म्हणे, तारीख थोडी मागेपुढे होते, बाळ चांगलं आहे, जरा वाट पाहू. ताजबीचा जीव थाऱ्यावर नाई. तिनं सुनेले समोर बसवलं.

"सच बोल. दोरी ओलांडली का?"

"रोज ओलांडते, अम्मी. मोरीवर काय उडून जाऊ?"

ताजबीनं कपाळाले हात लावला. पण याच्यावर उतारा हाये म्हणे. बाईनं ओढणीत चना घ्यावा अन् घोडीनं तो तिच्या मांडीवरून खावा, म्हणजे दोरीचा बंध सुटते. माह्याकडूनच चना नेला. तहसीनले खाटेवर बसवलं, ओढणीत चना ओतला. पोट एवढं पुढे आलं होतं का मांडी नावालेच उरली होती. ती हळूच मले म्हणे, "बेबीताई, माहा या गोष्टीवर भरोसा नाई. पण मले लय भेव वाटून राह्यलं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मलेही भेव वाटून राह्यलं होतं, भरोसा असो का नसो.

बिल्लो आली. आंधी तिनं तहसीनच्या पोटाले नाक लावलं अन् तशीच उभी राह्यली. ताजबी तोंडातल्या तोंडात दुवा मागत होती. मंग घोडीनं चना खाल्ला, एक दाणा ठेवला नाई. ओढणीही चावली! तहसीन किती दिवसानं हासली, त्या दिवशी.

अन् दुसऱ्या दिवशी कळा आल्या. पोट्टा झाला, अरीब. मॅडम म्हणे, "मी म्हटलं होतं ना, होईल आपोआप." ताजबी म्हणे, "मी म्हटलं होतं ना, दोरीच होती." दोघीही माह्याकडे अशा पाहत होत्या, जशी मीच न्यायाधीश. मी पेढा तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागू नाई.

चाळीस दिवस तहसीन घरातच होती. लेकरू रडलं का आंगणात बिल्लो खिंकाळे. चाळीसाव्याचं न्हाणं झालं, अन् एका सकाळी ती घोडीवर चढली. मी गिरणीच्या दारातून पाहून राह्यली होती. तेवढ्यात आत अरीबनं टाहो फोडला. तहसीनचा कुर्ता दुधानं ओला झाला. तिनं लगाम ओढला एकीकडे अन् टाच मारली भलतीकडे. बिल्लोले काही समजेना, ती सरळ माह्या भिंतीले घासली. तहसीनचा गुडघा सोलून निघाला. लागलं थोडं, पण पोट्टी भेवून उतरली अन् आत लेकराकडे पळाली. त्या दिवसापासून तहसीन घोडीजवळ गेलीच नाई.

अन् आठवड्यानं तिनंच मोईनले सांगतलं, "बोलाव दौलतरावले."

माह्या तं तळपायाची आग मस्तकात गेली. "काय वं? एवढी भांडली तू तिच्यासाठी, अन् आता तूच? काहून?"

"पयले पडली असती तं मीच पडली असती, बेबीताई. आता मी पडली तं याचं काय?" मांडीवरच्या अरीबले थोपटत म्हणे. "अन् तिच्यावाचून मले गमतही नाई. खिंकाळली का छाती भरून येते. मी कोणाची झाली, माह्यं मलेच समजत नाई." अन् रडाले लागली. मले तरी कुठे समजत होतं.

दौलतराव पिकअप घेऊन आला. माणूस भला होता. बिल्लोचे दात पाह्यले, मानेवरून हात फिरवला. मोईननं दोरी खुंट्यावरून सोडली. तहसीन दारात भिंतीकडे तोंड करून उभी. तेवढ्यात ताजबी अरीबले खांद्यावर घेऊन बाहेर आली.

"घोडी कुठे जाणार नाई."

मोईन म्हणे, "अम्मी, तूच तं म्हणत होती, विक!"

"तवा ती घोडी होती. आता तिनं माह्या सुनेच्या ओढणीतून खाल्लं हाये. मांडीवरून कोण खाते? पोटचं लेकरू खाते. लेक विकता काय तुमी लोक?"

"पण मी मालेगावहून गाडी घेऊन आलो ना, बाई," दौलतराव म्हणे.

"चहा घेऊन जा भाऊ."

आता बोला! ज्या दोरीपायी घोडी घराबाहेर चालली होती, त्याच दोरीच्या उताऱ्यानं तिले घरात ठेवलं. मी दौलतरावले चहा देला. तो बिचारा माह्याकडे पाहून राह्यला, मी कपाकडे.

ताजबीनं मोईनच्या हातातली दोरी घेतली अन् सुनेपुढे धरली. "चढ."

"अम्मी, मले भेव वाटते."

"वाटू दे. मले काय कमी वाटते?"

तहसीननं ओढणी कमरेले खोसली. गिरणीच्या ओट्यावर पाय ठेवून चढली. बिल्लो हललीही नाई, जशी तिलेही समजत होतं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेली असंल नसंल, मागे अरीब रडाले लागला. तहसीननं लगाम खेचला, मान वळवली.

"अम्मी, रडून राह्यला तो! उतरू काय?"

ताजबीनं नातवाले या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं अन् अशी ओरडली का साऱ्या गल्लीनं ऐकलं, "रडू दे जरासा! मी हाये ना! माय हायेस तू त्याची, खुंटा नोहेस. जा, दौडव तिले."