खिडकीच्या भोकातून उतरलेला चेहरा

मला बिजवराला दिली होती. हे धुळ्यात शाळेत चित्रकला शिकवायचे. यांची पहिली बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं, एवढंच मला माहेरी एरंडोलला कळलं होतं. सासरी तिचं नाव कोणी काढत नसे.

मला सातवा महिना लागला तेव्हा यांनी मागच्या खोलीच्या खिडकीला काळं कापड लावलं. मधोमध पत्र्याचा तुकडा बसवून त्याला खिळ्याने भोक पाडलं. लढाईमुळे चांगला कागद मिळेनासा झाला होता, तरी एक जाड कागद यांनी जपून ठेवला होता. मी बाहेर परसात, भोकापासून दोन हातांवर बसायचं. उन्हात उजळलेला माझा चेहरा भोकातून आत जाऊन कागदावर पडे आणि हे त्यावरून पेन्सिल फिरवत. कागदावर मी खाली डोकं वर मान अशी दिसते, कागद फिरवला की सरळ होते, असं यांनी सांगितलं. मला गंमत वाटली. पोटुशीने फोटोवाल्यासमोर बसू नये असं सासूबाई म्हणत, म्हणून ही युक्ती काढली असेल, असं मी धरून चालले.

तीन दिवस सकाळी बसले. एक गाल भाजून निघायचा, पोटात बाळ लाथा मारायचं, पण हलायची सोय नव्हती.

चौथ्या दिवशी सासूबाई पाणी घेऊन आल्या. "पोटुशी बाईले उन्हात इतला येळ बसाडू नको," त्यांनी खिडकीकडे तोंड करून सांगितलं. मग माझ्याजवळ वाकून हलकेच बोलून गेल्या की पहिलीचा एकही फोटो नाही, तिचं तोंड आठवेना म्हणून हा एकदा लहान पोरासारखा रडला होता.

तांब्या माझ्या हातातच राहिला. मी उठून आत गेले. अंधारात काही दिसेना, मग कागद दिसला. आरशात दिसते तशी मीच होते, चमकी दुसऱ्या नाकपुडीत. डोळे तेवढे काढायचे राहिले होते.

"हे मी मेल्यावर बघायला का?" मी विचारलं.

यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तिच्या बांगड्या आठवतात," म्हणाले, "लुगडं आठवतं. डोळे आठवत नाहीत."

कागद फाडावासा वाटला, पण हात उचलेना. डोळ्यांसाठी मी बसणार नाही, एवढं सांगितलं. यांनी आग्रह केला नाही.

आठव्यात माहेरी आले, तर ती धास्ती माझ्याबरोबरच आली. जरा कुठे दुखलं की वाटे, तिकडे कागद तयार आहे. कळा सुरू झाल्या तेव्हा आईचा हात मी इतका आवळला की तिची बांगडी पिचली. दुपारी मुलगी झाली. सुईण म्हणाली, दोघी सुखरूप. माझा विश्वास बसेना.

पत्र मिळताच हे मोटारीने आले. सोयर होतं, म्हणून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आईने दुरून बाळ दाखवलं. यांनी धड बघितलंही नाही. नजर माझ्या डोळ्यांवरच होती, पापणी हलत नव्हती.

मुलगी झाली म्हणून जावई नाराज आहेत, असं आईला वाटलं. तिचा चेहरा उतरला. मी तिला काही उलगडून सांगितलं नाही. यांना आधी जेवायला वाढ, म्हटलं, धुळ्याहून उपाशी आले असतील.