पाचवी दोरी

अक्कलकोट रोडच्या एका कोपऱ्यावर चहाची गाडी असते. तिच्या छपरावरून पाच दोऱ्या लोंबतात. मला ती सजावटच वाटली होती. मग एका गिऱ्हाइकाने पहिली दोरी ओढली, तशी म्हाताऱ्या चहावाल्याच्या नाकासमोर लाल रंगवलेली लाकडी कांडी टपकन खाली आली. मागावर सूत गुंडाळतात ना, तसली. त्याने काही न विचारता साधा चहा गाळला. पिवळी कांडी बिनसाखरेची, हिरवी आल्याची, निळी कॉफीची. दोऱ्यांवर तशा चिठ्ठ्याही होत्या. पाचवीवर मात्र काहीच नव्हतं.

मला असल्या करामतींचं भारी वेड. चहा पिता पिता मी म्हटलं, "मामा, डोकं लई चालतंय की तुमचं!"

तो पातेलं पुसत राहिला. मी पुन्हा म्हटलं. तरी ढिम्म. एवढा कसला ताठा, म्हणून मला रागच आला.

रिकामा ग्लास ठेवताना मी तेच तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा त्याचं लक्ष माझ्या हलणाऱ्या ओठांकडे गेलं. त्याने हसून कानाला हात लावला. "तीस वर्सं मागाचा खडखडाट ऐकला. कान तितंच ऱ्हायले, कारखान्यात. आता दोरी वडली की कळतंय."

मी ओशाळलो. खुणेनंच विचारलं, ही पाचवी कशाची?

"वडून बघा की."

मी ओढली. पांढरी कांडी खाली आली. तिच्यावर त्याच्याच हाताने लिहिलं होतं, 'चहा झकास झाला.'

त्याने ती नीट वाचली, आणि चक्क लाजला.