लाईट आल्यावर केलेला पंचनामा

पोलिसातल्या नोकरीत चोरीचे पुष्कळ गुन्हे हाताळले, पण एका जनरेटरचा गुन्हा अजून मनातून गेलेला नाही.

मे महिना होता. शहागंजातल्या एका मंडपवाल्याच्या गोदामातून छोटा पेट्रोल जनरेटर गेला होता. कुलूप शाबूत. मी नेहमीप्रमाणे वहीत यादी केली: किल्ल्या कोणाकडे, मशीनचा नंबर काय, शेवटचा वापर कधी. किल्ल्या दोन. एक मालकाकडे, दुसरी त्यांच्या जुन्या वायरमनकडे. तो रजेवर होता.

चौथ्या दिवशी छावणीतल्या चहावाल्याने आमच्या हवालदाराला खबर दिली. "लाईट गेली की सगळी गल्ली वट्ट्यावर येऊन बसती. अन् एका पत्र्याच्या घरात भर दुपारी एसी चालू. म्हणलं, हा कुठला नवाब?"

घर त्याच वायरमनचं निघालं. दुपारी दोनला आम्ही पोहोचलो. जनरेटर घरापासून लांब, लिंबाखाली. धुराचं तोंड रस्त्याकडे. नंबर जुळला.

"भाड्यानं आणलाय साहेब," वायरमन म्हणाला.

हवालदाराने घाम पुसत दाराशेजारचं पंख्याचं बटण दाबलं. बाहेर जनरेटर कण्हू लागला. वायरमनने झेप घेऊन बटण बंद केलं.

"नका साहेब! लोड यील, एसी बंद पडंल. फ्रिज, पंखा समदं बंद केल्याबिगर हे चालत नाय."

चैनीसाठी एसी लावणारा फ्रिज अन् पंखा बंद ठेवत नाही. मी आत गेलो.

खाटेवर त्याची बायको होती. गच्चीवरून पडल्यापासून तिचं मानेखालचं अंग लुळं होतं आणि त्या अंगाला घामच येत नव्हता. ऊन वाढलं की ताप चढे. मागच्या आठवड्यात दुपारभर लाईट नव्हती, तेव्हा ती बेशुद्ध पडली होती.

मी त्याला बाहेर घेतलं. "मालकाला मागितला का नाहीस?"

"लगीनसराई हाय साहेब. मालक 'नाय' म्हणले असते, तर मंग नेताबी आला नसता." मग आवाज खाली गेला. "मालकानं दिला, असं सांगितलंय तिला. तेवढं तिच्यापुढं बोलू नका."

मशीन ओळखायला मालकांना बोलावलं होतं. ते तणतणतच आले. "घरच्यासारखं ठेवलं याला, अन् माझ्याच गोदामात..."

आतून आवाज आला, "मालक आले व्हय? तुमच्यामुळं जगले बघा. लेकरावानी जपतेत हे तुमचं मशीन."

मालक उंबऱ्यात थांबले. "बरं वाटतंय ना वहिनी? मग झालं."

बाहेर येऊन वायरमनवर खेकसले, "गाढवा, ऑइल बघितलं का?"

"रोज बघतो मालक."

जप्ती म्हणजे जनरेटर बंद, आणि लाईट तर आलेली नव्हती. मी पंचांना लिंबाखाली बसवून चहा पाजला. साडेचारला लाईट आली, वायरमनने एसी घरच्या लाईनवर घेतला, मगच पंचनाम्याचा कागद काढला.

गुन्हा मी दाबला नाही. पुढे कोर्टात मालकांनी तडजोड केली. पण दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्यांनी गोदामातला दुसरा जनरेटर रीतसर चिठ्ठीसह छावणीत पाठवला होता. मंडपाचं सामान देताना भरायच्या त्या चिठ्ठीत 'कार्यक्रम' या छापील शब्दापुढे लिहिलं होतं: वहिनी.

माझ्या यादीत त्या दिवशी 'मुद्देमाल जप्त करणे' याच्या वर एक ओळ वाढली: 'वस्तूवर कोणाचा जीव टिकून आहे का, ते आधी पाहणे.' पुढच्या प्रत्येक वहीत ती मी पहिल्या पानावर उतरवून घेतली.