हाडाला लावलेलं वॉर्निश

माझ्या हातांना एक खोड आहे. तुटकं काही दिसलं की ते शिवशिवतात. पेणला गणपतीच्या कारखान्यात तीस वर्षं काढली. आखणीचं काम माझं, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचे. पण हंगामाच्या शेवटी डागडुजीही माझ्याच गळ्यात यायची. कान उडालेला, बोट तुटलेलं, उंदराची शेपटी गेलेली. भंगलेली मूर्ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. लांबी, म्हणजे लुकण, भरायची, काचपेपर मारायचा, रंग द्यायचा. मग कोणाची टाप आहे, कुठे तुटलं होतं ते सांगायची! याचा मला केवढा गर्व होता. आता सांगायलाही लाज वाटते.

माझा थोरला भाऊ रोह्याला होता. कंपनीत शिफ्टा करून निवृत्त झालेला. लहानपणापासून त्याला दगड, शिंपले, हाडं गोळा करायचा नाद. वहिनी म्हणायची, "घर हाय का उकिरडा?" आळीतले लोक पाठीमागे त्याला हाडक्या म्हणायचे, आणि मीही चिडवायला कमी केलं नाही. पण दादा नुसता साठा करायचा नाही. त्याची वही होती. सापडलेल्या वस्तूचं चित्र काढून खाली नाव तो पेन्सिलीने लिहायचा, आणि कोणा जाणत्याने खात्री दिली की त्यावर पेन फिरवायचा. "पेन्सिल म्हणजे मला वाटतं, पेन म्हणजे मला म्हाईत हाय," असं म्हणायचा. वहीत पेनाच्या ओळी थोड्याच होत्या.

आमचं माहेर वडखळच्या पुढे, धरमतर खाडीच्या काठी. एका वर्षी उधाणात तिथला बांध फुटला आणि खारं पाणी भातात शिरलं. बांध बुजवायला घरटी एक माणूस जायचा रिवाज, म्हणून दादा रोह्याहून गेला. कमरेइतक्या खोल चिखलात त्याच्या फावड्याला हे लागलं. वीतभर लांब, काळपट, दिसायला हाड आणि वजनाला दगड. एक टोक तुटलेलं, त्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं. दुसऱ्या टोकाला तिरकी धार आणि दोन खळगे. म्हशीचं नाही, बैलाचं नाही, मग कोणाचं, ते गावात कोणालाच सांगता येईना. पुढे त्या जागेवर भराव पडला. दुसरा तुकडा मिळायची आशाच संपली.

मग दादाच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. डॉक्टर आमच्याशी बोलताना त्याच्याकडे बघायचं टाळायचे, तेव्हाच मी काय ते समजले. त्याने मात्र कधी कुरकुर केली नाही. एवढंच म्हणायचा, "ते कोणाचं हाय, फक्त एवढं कळू दे गो. मग मी मोकळा."

कारखान्यात दरवर्षी मूर्ती ठरवायला एक बाई यायच्या. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या आणि जुन्या हाडांचाच त्यांचा अभ्यास. मी भीत भीत विषय काढला, तर म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात येते, आणून ठेवा." मला आकाश ठेंगणं झालं. तशीच रोह्याला गेले. दादाने ते जुन्या लुंगीत गुंडाळून ठेवलं होतं, खाडीचा चिखल त्यावर वाळून तसाच चिकटलेला. देताना म्हणाला, "जसं हाय तसंच दाखव हां."

"मला नको शिकवू," मी म्हणाले. "असलं घाणेरडं घेऊन बाईंसमोर जाऊ? काय इज्जत राहील आपली?"

तो हसला. थकला होता, वाद घातला नाही.

दोन दिवस खपले मी त्यावर. ब्रशने चिखल घासला, भोकांतला टाचणीने कोरून काढला, तुटक्या टोकाला लांबी भरली. दुसऱ्या टोकाची धार हाताला टोचत होती, ती काचपेपरने छान गोल केली. खळगे बुजवले. वर वॉर्निशचे दोन हात. कामाच्या पोरी म्हणाल्या, "काकू, काय चकाकतंय!" मीही ते उजेडात फिरवून फिरवून पाहिलं.

बाईंनी ते हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हळूच विचारलं, "याला हे कोणी केलं?"

"मीच की!" अजून हसत होते मी, मेली.

त्यांनी मला चार शब्द सुनावायला हवे होते. नाही सुनावले. शांतपणे सांगत राहिल्या. प्राणी कोणता ते त्या धारेवरून आणि खळग्यांवरून कळलं असतं. किती जुनं ते चिखलावरून, त्यातल्या बारीक शिंपल्यांवरून. आता वॉर्निश आत मुरलं होतं. आधीचा फोटो नव्हता. वहिनीकडून वहीतल्या चित्राचा फोटो फोनवर मागवला. बाईंनी तो मोठा करून करून पाहिला. "वेगळंच काहीतरी होतं हे," म्हणाल्या. "पण चित्रावरून नाव नाही देता येत. कापून पाहिलं तरी मोठ्या प्राण्याचं हाड, याच्यापुढे मला जाता येईल असं वाटत नाही." करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आम्ही कारखान्यात हसत म्हणतो. त्या दिवशी ते ओठावर आलं आणि मला रडूच फुटलं.

रोह्याच्या गाडीत ते पुन्हा त्याच लुंगीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. नागोठणं गेलं, वाटलं, ही गाडी पोचूच नये. खरं सांगायचं ठरवलं होतं, देवाशपथ. दादा दारात खुर्ची टाकून बसला होता, हाताला पट्टी.

"काय म्हणाल्या बाई?"

"देवमाशाचं हाय," मी म्हणाले. "लय जुनं. जाम खूश झाल्या."

दादाने लुंगीची गुंडाळी सोडली. अंगठा त्या टोकावरून फिरवला, जिथे धार होती तिथून. पुन्हा एकदा फिरवला. मग उलटं करून दुसरं टोक पाहिलं. मी उगाच वहिनीला चहाचं विचारलं.

"छान काम केलंस गो," तो म्हणाला. "तुझा हात लपत नाय."

मग त्याने वही मागितली. ते पान काढलं आणि चित्राखाली सावकाश लिहिलं: देवमासा. पेन्सिलीने.

"पेन हाय ना खिशात," मी म्हणाले.

"असू दे," तो म्हणाला, आणि वही मिटून मांडीवर ठेवली.