तिशीची अट

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही. आणि आता सांगतेय ते मन हलकं करायला नाही — चीड आलीय म्हणून. स्वतःचीच.

परवा मस्तगडातल्या आमच्या गल्लीतल्या बायांनी माझा सत्कार केला. शेहेचाळिसाव्या वर्षी सीईटी देऊन लॉला प्रवेश मिळवला म्हणून. शाल, नारळ, आणि प्रत्येकीच्या तोंडी ‘जिद्द’. सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवत होतं? माझी नणंद, मंगल.

मंगल बीए झालेली. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा अंबडहून आमच्याकडे आली, ती कायमचीच. कोर्टात केस चालू होती. वकिलानं अर्जात लग्नाची तारीखच चुकवलेली — ती चूक हिनं शोधली. त्याच संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “वैनी, मी वकिली शिकू का? तुमी शाळेच्या ऑफिसात पोरायचे फॉर्म भरता, तुमाला बराबर माहिती. माझं वय चालंल का?”

चौतीस वर्षांची होती. चाललं असतं. मला पक्कं ठाऊक होतं.

मग मी काय केलं? काही मोठं कारण असेल असं समजू नका. सासूबाईंचं औषधपाणी, मुलांचे डबे, धुणं — सगळं तीच करत होती. ती कॉलेजात गेली तर हे माझ्या गळ्यात पडणार. बस, एवढंच. म्हणाले, “तिशीनंतर घेत न्हाईत, मंगल.”

“असं व्हय?” म्हणाली, आणि पुढची पोळी लाटायला घेतली. दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. कशाला विचारेल? घरात मी होते ना!

सात वर्षांनी मी स्वतः सीईटीचा फॉर्म भरत बसले. मंगल चहा द्यायला आली आणि तिनं स्क्रीन पाहिली.

“वैनी, ती तिशीची अट?”

“नियम बदलला.” जीभसुद्धा अडखळली नाही माझी.

तिचा चेहरा असा उजळला — “मंग माझा बी भरा की!”

तेव्हा तरी? तेव्हा तरी खरं बोलायचं ना? अभ्यासाला बसायचं होतं मला. घर कुणी सांभाळायचं?

“आज शेवटची तारीख आहे. तुझी कागदपत्रं कधी काढणार?”

“जाऊ द्या,” ती म्हणाली. “तुमी तर व्हा.”

मुदतीला अजून अकरा दिवस होते. ती शेजारी उभी असतानाच मी माझा फॉर्म सबमिट केला.