दादाचे तीन सामने

बासष्ट साली पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. आई दोन वर्षांपूर्वीच गेली होती. तापात मी सारखी दादाला हाका मारत होते, म्हणून बाबांनी घाबरून त्याला तार केली. आंबोलीच्या घाटात दरड कोसळलेली, एसटी बंद. पलीकडच्या गाडीसाठी तो भर पावसात घाट चालत उतरला आणि कसालला घरी पोचला. मग ताप उतरेपर्यंत त्याने माझ्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या.

दादा मुंबईत गिरणीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. सुट्टी काढून आला असेल, असंच मी धरून चालले होते. मी उठून पेज जेवायला लागले तेव्हा आते सहज बोलून गेली, "तुझ्यासाठी इलो गो तो. नायतर आज विमानात बसलो असतो."

आशियाई स्पर्धेसाठी देशाची टीम निवडायला शिबिर भरलं होतं आणि दादाला तिथे बोलावणं होतं. शिबिर अर्ध्यावर टाकून तो आला होता. राहिला असता तर निवड झालीच असती, असं कोणी सांगू शकत नव्हतं. नसती झाली, असंही नाही. तिथेच मी अडकले.

आमच्या गटात कोरिया, थायलंड आणि जपान. पहिले दोघेच पुढे जाणार. बाबांच्या दुकानात बॅटरीवरचा रेडिओ होता. संध्याकाळच्या बातम्यांना मी भिंतीला टेकून बसायचे आणि दादाच्या पाठीकडे बघायचे. पहिल्याच सामन्यात कोरियाने आपल्याला दोन गोलांनी हरवलं. दादा बाहेर पडला आणि पावसात उभा राहिला. मला क्षणभर बरं वाटलं. हरणाऱ्या टीममध्ये नव्हता, एवढंच तर झालं! लगेच माझीच मला इतकी लाज वाटली की रात्री जेवण गेलं नाही.

थायलंडला आपण चार गोल घातले. बाबांनी गिऱ्हाइकांना गूळ वाटला. दादाही हसला, पण त्याने विचारलं ते एवढंच, "आपल्यार किती झाले?" एक झाला होता. तो गोल कसा गेला असेल, याचाच विचार तो करत बसला.

जपानच्या सामन्यावर सगळं ठरणार होतं. चतुर्थी तोंडावर आलेली. दादा स्टुलावर चढून गणपतीवर टांगायची फळापानांची माटवी बांधत होता. सामन्याची बातमी ऐकायला बाबांनी रेडिओ घरात आणला होता. दोन-शून्य! दादाने स्टुलावरून उडी मारली.

"एक पण गोल खाल्लो नाय रे!" तो ओरडला. आपल्या जागी उभ्या राहिलेल्या माणसासाठी त्याला झालेला तो आनंद मला बघवेना. मी रडायला लागले.

"आता रडतंस कित्याक? जिंकले मा?"

"माझ्यामुळे तू हय रवलंस."

तो खाली बसला. त्याच्या हातात सुपारीचा घोस तसाच होता.

"वायट वाटतां माका," तो म्हणाला. "खोटां कित्या सांगू? रोज वाटतां. पण तार बघून येवचां, ह्या मियां ठरवलंय. तुया नाय."

समजूत घालायला तो खोटं बोलला असता तर मी विश्वास ठेवला नसता. हे खरं होतं, म्हणून मी डोळे पुसले. पण हलकं काही वाटलं नाही.

पुढे आपल्या टीमने सुवर्णपदक आणलं. दादा गणपती पोचवून मुंबईला गेला. गिरणीकडून आणखी काही वर्षं खेळला, पण शिबिराचं बोलावणं पुन्हा कधी आलं नाही. त्या दिवशी त्याला सोडायला मी कसालच्या स्टँडवर गेले होते. मला बरंच काही बोलायचं होतं. त्याने खिडकीतून वाकून सांगितलं, "घरा जा गो, भिजशीत." गाडी सुटली, आणि मी भिजतच उभी राहिले.