तिसऱ्यांदा विचारलं तर

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि दर हिवाळ्यात नगरहून मुंबईला जाऊन क्रूझवर बसू लागले. परत आले की आमच्याकडे येतात, खुर्ची पंख्याखाली ओढतात आणि जहाजावरचं सगळं कसं घसरत चाललंय ते सांगतात. पनीर रबरासारखं, सूप कोमट, मांडीवरचा कापडी रुमाल जाऊन कागद आला. तरी पुढच्या वर्षीचं बुकिंग त्यांनी जहाजातून उतरायच्या आधीच केलेलं असतं.

यंदाचं दुःख वेगळं होतं.

"पहिले वेटर लई आग्रह करायचे," काका म्हणाले. "आता गुलाबजाम घेऊन आला, मी नको म्हणालो, तर गेला की पुढच्या टेबलावर. वळूनसुद्धा बघितलं नाही."

"पण काका, नको तुम्हीच म्हणालात."

"पहिल्यांदा कुणी हो म्हणतं का?"

ते खरंच होतं. आमच्याकडेही चहाला ते दोनदा नको म्हणतात, तिसऱ्यांदा विचारलं की "अर्धा कप" म्हणतात आणि भरलेला कप संपवतात.

मी विचारलं, "चहा टाकू?"

"नको, आत्ताच झाला."

"बरं," मी म्हणालो.

काका थोडा वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले. मग उठले, चपला घातल्या आणि जिन्यातून म्हणाले, "तुमच्याकडंही आता पहिल्यासारखं राहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला ते दारात हजर होते.